बांधावरची बाभूळ आणि बावीस इंची करवत

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगरची ओळख बहुधा भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींचे गाव अशीच करून दिली जाते, आणि ती चुकीची नाही. तथापि खाणींचे क्षेत्र मागे टाकून अहिवारा किंवा धमध्याच्या दिशेने निघाले, की शेतीविस्ताराचे काम करणाऱ्याच्या नजरेत दुसरेच दृश्य भरते. धानाच्या बांध्या आणि त्यांच्या धुऱ्यांवर उभी असलेली बाभूळ. ही झाडे कोणत्याही योजनेतून आलेली नाहीत. शेळ्यामेंढ्यांनी शेंगा खाव्यात, त्यांच्या लेंड्यांतून बी शेतात पडावे, उगवलेले रोप धुऱ्यावर असेल तर शेतकऱ्याने ते राखावे आणि मधोमध असेल तर नांगराखाली घालावे, एवढ्याच व्यवहारातून पिढ्यान्‌पिढ्या ही व्यवस्था उभी राहिली. छत्तीसगडच्या मैदानातील धान-बाभूळ ही पद्धत पारंपरिक कृषिवानिकीचे एक उत्तम उदाहरण म्हणून अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीच्या वाचकांना ती नवी वाटणार नाही. १८५३ पर्यंत हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. सीमा पुढे आखल्या गेल्या, पण धान आणि धुऱ्यावरचे झाड दोन्हीकडे तेच राहिले.

या झाडाकडून शेतकऱ्याला काय हवे असते, ते आधी स्पष्ट असलेले बरे. धानावर पडणारी सावली कमी व्हावी म्हणून खालच्या फांद्या वेळोवेळी उतरवाव्या लागतात. त्या फांद्यांचे सरपण होते, काटेरी शिरी कुंपणाला जातात. सुमारे दहा-बारा वर्षांनी झाड तोडले, की बुंध्यातून औजारांचे लाकूड निघते आणि उरलेले सारे पुन्हा सरपणात जाते. घरोघरी गॅस आला आहे. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, तिचा परिणाम गावागावांत दिसतो. तरीही धान उकडणे, गुरांचे आंबोण शिजवणे, लग्नकार्यातील स्वयंपाक, थंडीची शेकोटी आणि शेवटी अंत्यसंस्कार या सर्वांसाठी लाकूड लागतेच. बाभळीचे लाकूड जड, उष्मांकाने समृद्ध (किलोमागे सुमारे ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरी) आणि मंद जळणारे. म्हणून तिला मागणी आहे, आणि तिच्या लाकडाचा कठीणपणा कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या खांद्याला चांगला ठाऊक आहे.

ती कुऱ्हाड, येथील भाषेत टंगिया, गेल्या काही वर्षांत मागे पडली. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर हे काम नको म्हणतात. तिची जागा चेनसॉने घेतली. हा बदल स्वागतार्ह आहे, यात मला शंका नाही. माझा आक्षेप आहे तो आपण कोणत्या आकाराची चेनसॉ विकत घेतो, बचत गटांना घ्यायला सांगतो आणि अवजारे बँकेत ठेवतो, याविषयी. बाजारात सर्वांत सहज मिळणारे यंत्र म्हणजे '५८ सीसी, २२ इंच'. कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानात जा, फांद्या छाटायच्या आहेत सांगा की सागाचे ओंडके कापायचे आहेत सांगा, समोर येते ते हेच. नामांकित बनावटीच्या ३० सीसी यंत्राच्या निम्म्याहून कमी किमतीत ते अनेकदा मिळते. मोठा आकडा आणि लहान किंमत एकाच डब्यात दिसल्यावर खरेदीदार मोठा विचार करीत नाही. माझे मत स्पष्ट आहे: धुऱ्यावरच्या झाडाच्या फांद्या उतरवणे आणि घरचे सरपण कापणे या दोन कामांसाठी हे यंत्र अयोग्य आहे, आणि ते सरसकट सुचविणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने आपला सल्ला पुन्हा तपासून पाहावा.

चेनसॉचा आकार म्हणजे एक आकडा नव्हे, दोन आहेत. एक इंजिनाची ताकद, दुसरा पात्याची लांबी. दुकानदार दोन्ही एका दमात सांगतो आणि ऐकणारा ते एकच समजतो. ताकद सीसीवरून अंदाजाने कळते, पण खरी कळते ती किलोवॅटवरून. सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान. त्यातून किती काम निघते ते इंजिनाच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणून यंत्राच्या पट्टीवर किलोवॅटचा आकडा छापलेला आहे का, हे पाहावे. नसेल तर तेही एक उत्तरच आहे. चांगल्या बनावटीचे ३० ते ३२ सीसीचे यंत्र साधारण सव्वा ते दीड किलोवॅट देते, ४५ सीसीचे सव्वादोनच्या आसपास. पात्याची लांबी म्हणजे पुढे दिसणारी, प्रत्यक्ष लाकडात जाऊ शकणारी लांबी. बारा इंच म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, चौदा म्हणजे ३५, सोळा म्हणजे ४०, अठरा म्हणजे ४६ आणि बावीस म्हणजे ५६ सेंटिमीटर.

आता आपले लाकूड मोजू. शेतकऱ्याला व्यास मोजता येत नाही, घेर मोजता येतो, आणि वनविभागही उभ्या झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेरच नोंदवतो. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. ६० सेंटिमीटर घेराच्या झाडाचा व्यास १९ सेंटिमीटर. ९० घेराचा २९. १२० घेराचा ३८. दहा-बारा वर्षांच्या धुऱ्यावरच्या बाभळीचा घेर किती भरतो ते प्रत्येकाने आपल्या शेतात टेप लावून पाहावे; मला तर १२० च्या पुढची बाभूळ क्वचितच भेटते. आणि हा झाला बुंधा. आपण ज्या फांद्या उतरवणार, त्या मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या, म्हणजे पाच ते पंधरा सेंटिमीटरच्या. जाणकारांचा साधा नियम असा, की पाते नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा किमान दोन इंचांनी लांब असावे. या हिशेबाने फांद्यांसाठी दहा-बारा इंची पाते पुरते, आणि बहुतेक बाभळींच्या बुंध्यांसाठी चौदा किंवा सोळा इंची. त्याहून जाड ओंडका कधीमधी आला तर तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या ओंडक्यासाठी वर्षभर बावीस इंची पाते हातात धरण्याचे काय कारण?

या प्रश्नाला नेहमी एक उत्तर मिळते: मोठे असले म्हणजे लहान काम करतेच की. बैलगाडीच्या बाबतीत ते खरे असेल. चेनसॉच्या बाबतीत नाही, आणि त्याची कारणे यंत्रातच आहेत.

पहिले कारण वजन. इंधन, तेल, पाते आणि साखळी धरून ५८ सीसी, २२ इंची यंत्र सात किलोच्या आसपास जाते. ३० सीसी, १४ इंची यंत्र साडेपाचच्या आत राहते. दोन किलोंचा फरक दुकानाच्या गल्ल्यावर काहीच वाटत नाही. फांद्या उतरवताना मात्र माणूस यंत्र जमिनीला टेकवून काम करीत नाही. आडव्या पडलेल्या खोडाच्या बाजूने चालत, एक फांदी वरून, दुसरी खालून, तिसरी पलीकडून असे ते शेकडो वेळा उचलावे आणि फिरवावे लागते. तासाभराने हात थकतात, यंत्राचे टोक खाली झुकू लागते, आणि अपघात होतो तो याच वेळी. या यंत्राचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये बनवलेली विजेवरची साखळी करवत ४८ किलोंची होती आणि ती चालवायला दोन माणसे लागत. १९५० मध्ये एका माणसाने चालवायचे पेट्रोलचे यंत्र आले ते १६ किलोंचे, १९५९ मधले १२ किलोंचे. वजन उतरवण्यासाठी कारखानदारांनी इतकी दशके खर्ची घातली, आणि आपण ते पैसे देऊन पुन्हा चढवून घेतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. साखळी पात्याच्या टोकावरून वळते, तेथे टोकाच्या वरच्या चतुर्थांशाला काही अडकले तर साखळी लाकूड कापण्याऐवजी त्यावर चढू पाहते आणि संपूर्ण यंत्र वर व मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे उसळते. हे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत घडते. माणसाला हात आवरण्याची संधी मिळत नाही. साखळीचा ब्रेक त्यासाठीच असतो. फांद्या उतरवताना पात्याचे टोक मागच्या फांदीला नकळत लागणे, हे या उसळीचे नेहमीचे कारण. पंधरा सेंटिमीटरची फांदी कापताना बावीस इंची पात्याचा चाळीस सेंटिमीटर भाग पलीकडे मोकळा फिरत असतो, काटेरी बाभळीच्या गचपणात, जेथे टोक दिसतही नाही. बारा इंची पात्याचे टोक मात्र चालवणाऱ्याच्या नजरेत राहते. लांब पाते म्हणजे जास्त सुरक्षित अंतर, असा एक गैरसमज आहे; फांद्यांच्या कामात तो उलटा ठरतो.

तिसरे कारण धारेचे. सोपा हिशेब आहे. साखळीच्या कड्यांच्या निम्मे दात असतात. चौदा इंची लहान साखळीला साधारण पन्नास चालक कड्या, म्हणजे पंचवीस दात. बावीस इंची साखळीला शहाऐंशी, म्हणजे त्रेचाळीस दात. बाभळीच्या वाळक्या लाकडात साखळी लवकर बोथट होते, रस्त्याकडेच्या धुळकट सालीत त्याहून लवकर. नंदिनीच्या आसपास खाणींच्या वाहतुकीमुळे झाडांवर धूळ बसलेली दिसते. चुनखडी स्वतः मऊ आहे, तिच्याने पोलादाची धार जात नाही; पण तिच्याबरोबर उडणारी रेतीमिश्रित माती गारगोटीच्या कणांची असते, आणि गारगोटी पोलादाहून कठीण. म्हणून पेट्रोलच्या प्रत्येक दुसऱ्या टाकीला कानस फिरवणे भाग पडते. पंचवीस दातांना माणूस कानस लावतो. त्रेचाळीस दात पाहून उद्यावर टाकतो, आणि बोथट साखळी जोर देऊन दाबू लागतो. तेथून इंजिन तापणे, पाते झिजणे, उसळी बसणे हे सारे सुरू होते.

धार आहे की गेली, हे ओळखण्यासाठी शाळेत जावे लागत नाही. धारदार साखळीतून चपट्या किसासारखे तुकडे पडतात, बोथट साखळीतून पिठासारखा भुसा. भुसा पडू लागला की थांबावे. कानस गोल असते आणि तिचा व्यास साखळीप्रमाणे ठरतो: लहान यंत्रावरच्या कमी उंचीच्या तीन-अष्टमांश साखळीला ४ मिलिमीटरची, मध्यम यंत्रावरच्या ०.३२५ साखळीला ४.८ मिलिमीटरची. कोन बहुधा तीस अंशांचा, पात्यावर किंवा साखळीच्या खोक्यावर दिलेला असतो. दोन दातांच्या मध्ये दिसणारा उंचवटा खोली ठरवतो. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. अनेकजण तो कधी घासतच नाहीत, मग साखळी धारदार असूनही चावत नाही. काहीजण 'जास्त चावावी' म्हणून खूप घासतात, मग ती उसळते. आपल्या प्रात्यक्षिकांत यंत्र सुरू करून एक ओंडका कापून दाखवला जातो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. तोच वेळ कानसीला दिला तर गावाला जास्त उपयोग होईल.

प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. लाकडाचे व्यापारी आणि भाड्याने कापणी करणारे सांगतात, की ३० सीसीचे यंत्र बाभळीत दिवसभर टिकत नाही. त्यात तथ्य आहे. कापाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या लाकडात एका कापाचे क्षेत्र १७७ चौरस सेंटिमीटर, तीस सेंटिमीटर जाडीच्या लाकडात ७०७. जाडी दुप्पट झाली, काम चौपट झाले. ज्याच्यापुढे रोज पंचवीस-तीस सेंटिमीटरचे वाळलेले ओंडके पडलेले असतात, त्याने लहान यंत्र घेऊ नये. ते तापून बसेल. पण त्याचे उत्तरही बावीस इंची पाते नव्हे. त्याने ताकद वाढवावी, लांबी नव्हे. ४० ते ५० सीसीचे इंजिन आणि त्यावर सोळा इंची पाते, ही जोडी कठीण लाकडाचे सरपण कापायला माझ्या मते सर्वांत योग्य. त्याच इंजिनावर लांब पाते बसवले तर ताकदीचा एक भाग लाकडाऐवजी साखळी ओढण्यातच खर्च होतो. बावीस इंची पाते आणि त्यास पुरेसे मोठे इंजिन यांची खरी जागा जुन्या चिंचेच्या, आंब्याच्या किंवा कहुआच्या, म्हणजे अर्जुनाच्या, बुंध्यावर आहे, आणि असे बुंधे तोडण्याचा प्रसंग सामान्य शेतकऱ्यावर येत नाही, येऊही नये.

झाडाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण धुऱ्यावरची फांदी उतरवणे हे केवळ लाकूड काढणे नाही, ती छाटणी आहे. फांदी खोडाला मिळते तेथे सालीची एक फुगीर कडी असते. काप त्या कडीच्या लगेच बाहेर घेतला तर झाड जखम भरून काढते. कडी खोडाबरोबर तासून काढली, किंवा वीतभर खुंट सोडला, तर तेथून कूज आत शिरते आणि दहा वर्षांनी औजारासाठी राखलेला बुंधा पोकळ निघतो. जड फांदीला एकाच कापात हात घालू नये. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या किंचित बाहेर वरून पूर्ण काप, फांदी पडली की उरलेला खुंट कडीपाशी सफाईने उतरवावा. एकच काप घेतला तर फांदी आपल्याच वजनाने साल सोलत खाली येते. हे तीन काप लहान यंत्राने नेमके घेता येतात. सात किलोंचे यंत्र खांद्याच्या उंचीवर धरून कडीच्या बाहेर बोटभर जागेत काप घ्यायला सांगणे म्हणजे कुदळीने सोनारकाम सांगण्यासारखे आहे.

खांद्याच्या उंचीच्या वरचे काम तर चेनसॉचे नाहीच. झाडावर चढून, शिडीवर उभे राहून किंवा एका हाताने यंत्र चालवणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या धाडसाचे कौतुक करणे थांबवले पाहिजे. वरच्या फांद्यांसाठी लांब दांड्याची हातकरवत जमिनीवरून वापरावी. अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या चार ते आठ इंची छोट्या करवती मिळू लागल्या आहेत. आठ-दहा सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्यांना त्या पुरतात, आवाज कमी, पेट्रोल नाही. त्यांना खेळणे म्हणून हसू नये, पण खेळण्यासारखे एका हातानेही चालवू नये. आणि मनगटाहून बारीक शिरींसाठी कोयता अजूनही सर्वांत वेगवान आहे. चुलीत लांब काटक्या सरकवत नेण्याची आपल्याकडची रीत पाहता, ते बारीक लाकूड यंत्राने तुकडे करण्याची गरजच नसते.

घराच्या अंगणात सरपण कापायचे असेल आणि वीज भरवशाची असेल, तर विजेच्या तारेवर चालणाऱ्या दोन किलोवॅटच्या आसपासच्या करवतीचा विचार अवश्य करावा. नंदिनी नगर किंवा भिलाईच्या वसाहतींत ते सहज शक्य आहे. तार पुरेशा जाडीची हवी, नाहीतर लांब पातळ तारेत दाब उतरतो आणि मोटर जळते. ओंडका जमिनीवर ठेवून कापू नये, साखळी एकदा मातीत शिरली की धार संपली. चार बल्ल्यांची इंग्रजी एक्ससारखी घोडी तासाभरात तयार होते, तिच्यावर ओंडका कमरेच्या उंचीला येतो. मात्र तीस सेंटिमीटर जाडीचा एक मीटर ओला ओंडका सत्तर किलोंच्या आसपास भरतो. तो घोडीवर चढवायला दोघे हवेत. तुकडे हातभर लांबीचे, जाड असतील तर फोडून, पावसाळ्यापूर्वी वारा खेळेल असे रचून ठेवावेत. ओल्या लाकडाचा बराच जोर पाणी उडवण्यात जातो आणि घरात धूर भरतो. सुधारित चुलीला तर आखूड, कोरडेच लाकूड लागते.

इंधनाविषयी एक गोष्ट अलीकडची आहे आणि तिची पुरेशी चर्चा होत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. चेनसॉचे प्रमुख उत्पादक आपल्या यंत्रांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते असे सांगत आले आहेत. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, कार्बोरेटरमधील रबरी पडदे त्याने कडक होतात. म्हणून आपल्या यंत्राविषयी विक्रेत्याकडून लेखी माहिती घ्यावी, मिश्रण लागेल तेवढेच करावे, महिनाभराहून जुने वापरू नये, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले पाळावे. चांगल्या टू-स्ट्रोक तेलासाठी ते बहुधा पन्नासास एक असते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. 'थोडे जास्तच बरे' म्हणत दुप्पट ओतल्याने इंजिन वाचत नाही, धूर आणि काजळी वाढते. साखळीच्या टाकीत ट्रॅक्टरचे काळे, जळके तेल घालण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्यात धातूचे कण असतात, ते पाते खातात. आणि ते तेल बारीक तुषारांनी चालवणाऱ्याच्या अंगावर आणि शेतात उडते.

वेळेचाही प्रश्न आहे. येथील धान नोव्हेंबर-डिसेंबरात निघते, पण अनेक बांध्यांत उभ्या धानात टाकलेली लाखोळी त्यानंतर वाढत असते, छत्तीसगडी भाषेत तिवरा. तिच्यावर फांद्या पाडून कोणी ओढत नेणार नाही. म्हणजे धुऱ्यावरच्या कामाला खरी उसंत मिळते ती लाखोळी निघाल्यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर. कन्हार मातीच्या बांध्या तोपर्यंत भेगाळलेल्या असतात. भेगांत पाय अडकतो, मागे सरकायला सपाट जागा नसते. येथेही हलके यंत्र आणि आखूड पाते उपयोगी पडते, आणि उन्हात जाड कपडे नको वाटतात म्हणून पाय उघडे ठेवून काम करणारा माणूसही येथेच दिसतो. चेनसॉच्या जखमा प्रामुख्याने पाय, हात आणि मानेभोवती होतात. पायाचे संरक्षक आवरण, बूट, चष्मा, कानाचे झाकण, हातमोजे ही यंत्राबरोबर घेण्याची वस्तू आहे, नंतर कधीतरी घेण्याची नव्हे. आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो, तो रोज सोसणाऱ्याचे कान काही वर्षांत कमी ऐकू लागतात.

म्हणून माझी सूचना अवजारे बँका आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना अशी आहे. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन ठेवा: एक ३० ते ३५ सीसीचे, बारा किंवा चौदा इंची पात्याचे, फांद्यांसाठी, दुसरे ४५ सीसीच्या आसपासचे, सोळा इंची, सरपणासाठी. दोन्ही शक्यतो एकाच बनावटीची घ्या, म्हणजे सुटे भाग एका ठिकाणी मिळतील. दरपत्रक मागवताना त्यात साखळीची आवर्तनिका, पात्याच्या खाचेची जाडी आणि कड्यांची संख्या लिहून घ्या. हे तीन आकडे पात्यावर कोरलेले असतात आणि ते जुळल्याशिवाय बदली साखळी बसत नाही. दरपत्रकात दोन राखीव साखळ्या, योग्य कानस आणि संरक्षक साहित्याचा एक पूर्ण संच धरा. तो वगळून आलेले स्वस्त दरपत्रक स्वस्त नसते. यंत्र भाड्याने देताना घेर विचारा. ज्याला आपल्या झाडाचा घेर सांगता येत नाही, त्याला आधी टेप द्या.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. फांद्या उतरवणे आणि झाड तोडणे यांतील रेषा यंत्र हातात आल्यावर पुसट होते. कुऱ्हाडीने एक बाभूळ पाडायला अर्धा दिवस लागत असे, तेवढ्या वेळात शेतकऱ्याला विचार बदलायला सवड असे. चेनसॉला काही मिनिटे लागतात. खासगी जमिनीवरील झाडांसाठीही परवानगीचे नियम आहेत. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा, छत्तीसगडमध्ये १९५९ च्या भू-राजस्व संहितेतील तरतुदी. कोणत्या जातीला, किती झाडांना आणि कोणाची परवानगी लागते, हे तहसील वा वनपरिक्षेत्र कार्यालयात काम सुरू करण्यापूर्वी विचारावे, कारण नियम जातीनुसार बदलतात आणि वेळोवेळी सुधारलेही जातात.

नंदिनीच्या खाणीच्या वापरातून गेलेल्या भागावर अलीकडच्या वर्षांत मोठी मिश्र वृक्षलागवड झाली आहे. तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तिच्या कुंपणाबाहेर, धानाच्या धुऱ्यांवर, कोणी न लावलेली झाडे मात्र दर उन्हाळ्यात थोडी थोडी कमी होत जाताना दिसतात. ट्रॅक्टरला वळायला अडथळा होतो, हार्वेस्टर आत शिरत नाही, सावली पडते, ही कारणे खरी आहेत. त्यांवर उपाय फांद्या उंचावर नेण्याचा आहे, आणि त्या कामाला लागणारे हत्यार साडेपाच किलोंचे, चौदा इंची आहे. येत्या हंगामात ज्या अवजारे बँकांची मागणीपत्रे तयार होत आहेत, त्यांनी यंत्राच्या रकान्यात '५८ सीसी' लिहिण्यापूर्वी आपल्या पाच सभासदांच्या धुऱ्यांवर जाऊन प्रत्येकी दहा झाडांचा घेर नोंदवावा आणि ती यादी मागणीपत्राला जोडावी.